लायलच्या हातातला चिमटा

लायल ट्रेवेना माझा शेजारी. एकेचाळीस वर्षं आमच्या दोन घरांमध्ये एक पत्र्याचं कुंपण आहे आणि त्या कुंपणावरून मी त्याला जेवढं ओळखते तेवढं त्याच्या बायकोनंही ओळखलं नसेल. आयलीन बिचारी त्याच्यावर प्रेम करायची, त्यामुळे तिला निम्मं दिसायचंच नाही. मला तशी काही अडचण नव्हती.

माणूस वाईट नाही, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे सांगायला जमेलच असं नाही. आमच्या वॉलरू गावच्या बंदराच्या धक्क्याजवळ धान्य साठवायचे उंच सायलो आहेत, तिथं त्यानं एकतीस वर्षं काम केलं. एक दिवस उशिरा गेला नाही. माझा नवरा वारला तेव्हा तीन महिने माझ्या अंगणातलं गवत न विचारता कापत होता. पण दर वेळी कापून झालं की कुंपणाशी उभा राहून, माझं गवत कापायचं मशीन मी कसं चुकीचं ठेवते, पातं कसं पुसत नाही, तेल कसं भलतंच घालते, हे सगळं ऐकवायचा. शेवटी मीच म्हटलं, ‘लायल, गवत वाढू दे, पण तू येऊ नकोस.’ त्याला राग आला नाही. त्याला वाटलं मी थट्टा करतेय. पुढच्या शनिवारी परत हजर.

त्याचा बार्बेक्यू गॅसवरचा होता. सत्त्याऐंशी साली घेतलेला. चार बर्नर, वर अर्ध्या भागात बिडाचा तवा, अर्ध्यात बिडाची जाळी, खाली जार्राच्या लालसर लाकडाचा चाकांचा गाडा. गल्लीत तोवर सगळे विटांच्या चुलीवर लाकडं जाळून डोळे लाल करून घेत होते. लायलच्या अंगणात एक खटका दाबला की निळी ज्योत. दर रविवारी दोनचार घरं तरी त्याच्याकडे जेवायला असायची. जेवण चांगलं असायचं, ते नाकारता येणार नाही. मेंढीच्या बरगडीचा चॉप असा भाजायचा की बाहेरून कुरकुरीत आणि आत रस तसाच. तो म्हणायचा, ‘एकदाच उलटायचं. दोनदा उलटतो तो गाढव.’ हे वाक्य मी हजार वेळा ऐकलं असेन.

आमच्याकडे बार्बेक्यूपाशी चिमटा ज्याच्या हातात, अंगण त्याचं. बाकीचे पुरुष बिअरचा कॅन धरून भोवती उभे राहतात, आच जास्त आहे, सॉसेज फुटतील, असं वाटेल ते बोलतात, पण हात खिशात. दुसऱ्याच्या बायकोच्या खांद्यावर हात टाकला तर एक वेळ थट्टेवारी नेतील. दुसऱ्याच्या हातातला चिमटा घेतला तर नाही.

आता एकोणनव्वदच्या नाताळाची गोष्ट. नाताळच्या दुसऱ्या दिवशी लायलकडे पंधरावीस माणसं होती. सायलोवरचे त्याचे सोबती, त्यांच्या बायका, आम्ही दोघं, आणि लायलचा एकुलता एक मुलगा ब्रेंटन. चौदा वर्षांचा, काठीसारखा उंच, वर्गातल्या दोन मित्रांना घेऊन आलेला. लायल आत बर्फ आणायला गेला आणि येता येता कुणाशी तरी बोलत थांबला. तव्यावर चॉप होते, धूर यायला लागला. ब्रेंटननं तव्याच्या कडेला टेकवून ठेवलेला चिमटा उचलला आणि दोन चॉप उलटले. मित्र बघत होते, त्यामुळे जरा ऐटीतच उलटले. लायल बाहेर आला. त्यानं पोराच्या हातातून चिमटा ओढून घेतला आणि त्याच तापलेल्या चिमट्यानं त्याच्या मनगटावर फटका दिला. ‘तुला कोणी सांगितलं हात लावायला? तुला अंडं तरी उकडता येतं का?’

सगळे हसले. मी सगळं सांगायचं म्हणून बसले आहे, तर हेही सांगते, हसणाऱ्यांत मीही होते. त्या काळी असल्या गोष्टींना हसायची पद्धत होती. ब्रेंटन हसला नाही, रडलाही नाही. तो नळाखाली हात धरून उभा राहिला आणि त्याचे मित्र जेवण न करता घरी गेले. मनगटावर दोन आडव्या रेघा उठल्या, त्या अजून आहेत. त्यानंतर तो बार्बेक्यूच्या दहा हात जवळ कधी फिरकला नाही. अठराव्या वर्षी ॲडलेडला शिकायला गेला, तिथंच नोकरी धरली, तिथंच लग्न केलं. नाताळला यायचा, आईच्या वाढदिवसाला यायचा. बाबांशी बोलणं गाडीचं मायलेज आणि हवामान, बस्स.

आयलीन गेली त्याला नऊ वर्षं झाली. तिच्या तेराव्या— आमच्याकडे तेरावं नसतं, पण दफनानंतर सगळे घरी येतात, तसे आलो होतो. त्या दिवशी लायलनं बार्बेक्यू पेटवला नाही. त्यानंतर कधीच पेटवला नाही. मागच्या पडवीत, शेवाळलेल्या कापडाखाली तो नऊ वर्षं पडून राहिला. समुद्र आमच्यापासून तीन गल्ल्यांवर. खारा वारा लोखंडाला काय करतो ते मी सांगायला नको.

गेल्या नोव्हेंबरात एके सकाळी खरडखरड ऐकू आली म्हणून मी कुंपणावरून डोकावले. लायल बादली उपडी घालून तिच्यावर बसला होता आणि समोर त्या बार्बेक्यूचं हाडन् हाड सुटं करून मांडलेलं.

‘हे काय मांडलंयस?’ मी विचारलं.

‘दिसत नाही का?’

‘मला दिसतंय. तुला दिसतंय का, ते विचारतेय.’

हे मी लागेल असंच बोलले, पण त्याला सवय होती. लायलचे डोळे अधू होत चालले होते. मधलं दिसत नाही, कडेचं दिसतं, असा तो रोग. डॉक्टरांनी गाडी चालवायचा परवाना काढून घेतला होता. माणसाशी बोलताना तो तुमच्या कानाकडे बघून बोलायचा.

‘हातानं कळतं,’ तो म्हणाला. ‘गंज खरखरीत, लोखंड गुळगुळीत. त्याला डोळे कशाला पाहिजेत?’

‘नवा मिळतो की रे दुकानात. चार पानी माहितीपुस्तक असतं, तेसुद्धा चुकीचं आहे म्हणून तुला सांगता येईल.’

‘नव्यात सगळा पत्रा असतो. तीन हिवाळ्यांत चाळणी. हे बीड आहे. हा तवा माझ्या मागे शंभर वर्षं जाईल.’

चार महिने तो त्या कामाला चिकटून होता. बिडाच्या तव्यावरची जुनी जळकी चरबी त्यानं सोड्यात भिजवून, खरवडून, पुन्हा भिजवून काढली. मग तारेचा ब्रश, मग ड्रिलला लावायचं तारेचं चाक. एकदा त्या चाकाची तार त्याच्या पोटरीत घुसली, ती मी माझ्या भुवया उपटायच्या चिमट्यानं काढली आणि काढताना त्याच्या सगळ्या खानदानाचा उद्धार केला. बर्नरच्या नळ्यांत कोळ्यांनी जाळी करून ठेवली होती. या भागात गॅसच्या नळीत कोळी घर करतो, वासाला भुलतो म्हणतात. लायलनं सायकलच्या तारेला चिंधी बांधून एकेक नळी साफ केली. बर्नरची बारीक भोकं एकशे अठ्ठावीस, ती एकेक करून बारीक सुईनं मोकळी केली, बोटाच्या पेरानं चाचपडत. नवी नळी, नवा रेग्युलेटर मी आणून दिला. गाड्याचं लाकूड राखाडी पडलं होतं, ते पॉलिश पेपरनं घासत गेला तसतसा आतून तो जुना लाल रंग वर आला. त्यावर जवसाचं तेल, तीन हात.

फेब्रुवारीत पहिल्यांदा सिलिंडर जोडला. साबणाचं पाणी करून सगळ्या सांध्यांना लावलं आणि मला हाक मारली. ‘कोरल, बुडबुडा येतोय का बघ. मला बारीक दिसणार नाही.’ मदत माग म्हटलं तर जीभ अडखळायची अशा माणसानं स्वतःहून बोलावलं, म्हणून मी ओणवी होऊन नीट पाहिलं. एका सांध्याला येत होता. त्यानं तो पान्यानं आवळला. मग आला नाही. मग खटका दाबला आणि चारही बर्नर एका दमात पेटले, सगळीकडे सारखी निळी ज्योत, कुठं पिवळं टोक नाही. लायल त्या ज्योतीच्या जरा बाजूला बघत होता, म्हणजे त्याला ती दिसत असणार. मला त्या क्षणी तो आवडला. तसं फार वेळा होत नाही.

‘छान झालाय रे,’ मी म्हटलं. ‘आता या रविवारी चॉप.’

‘माझ्यासाठी नाही केला. ब्रेंटनसाठी केलाय.’

मी साबणाच्या पाण्याची वाटी खाली ठेवली.

‘मार्चमध्ये पन्नास वर्षांचा होतोय. घर नवीन घेतलंय, अंगण आहे, बार्बेक्यू नाही. रेनी म्हणाली फोनवर.’ रेनी म्हणजे त्याची सून. ‘मी मेल्यावर हे घर विकतील, सामान उचलून फेकतील. त्याच्या आधी माझ्या हातानं द्यायचाय.’ मग चिंधीनं खटका पुसत म्हणाला, ‘आणि त्या दिवसाचं बोलायचंय त्याच्याशी.’

‘कुठल्या दिवसाचं?’

‘तुला माहीत आहे.’

‘मला माहीत आहे. तुला माहीत आहे हे मला माहीत नव्हतं.’

तो गाड्याच्या लाकडावर हात फिरवत राहिला. मग म्हणाला, ‘आयलीन शेवटी शेवटी सारखी म्हणायची, त्याच्याशी बोल. मी म्हणायचो, काय बोलू, पोरं मार खाऊनच मोठी होतात. ती म्हणायची, मार नव्हता रे तो.’

‘मग फोन उचल आणि बोल. आत्ता. मी इथं उभी आहे.’

‘फोनवर नाही. चिमटा त्याच्या हातात देताना. तेव्हाच बोलेन.’

‘काय बोलशील? म्हणून दाखव.’

तो रेग्युलेटर चाचपायला लागला. मी हट्टाला पेटले. म्हटलं, ‘तीन शब्द आहेत, लायल. माझं चुकलं, बाळा. म्हण.’ त्यानं तोंड उघडलं, घसा खाकरला, बर्नर बंद केला, परत पेटवला. शेवटी मला पाठ करून त्या बार्बेक्यूला म्हणाला, ‘त्या दिवशी माझं चुकलं.’ इतक्या हळू की बार्बेक्यूलासुद्धा ऐकू गेलं नसेल. पण म्हणाला. त्यानंतर सकाळी न्हाणीघरातून त्याचं पुटपुटणं ऐकू यायचं. आमची न्हाणीघरं कुंपणाच्या दोन बाजूंना समोरासमोर आहेत. मी मेली तिकडे दात घासता घासता त्याला दाद देत होते.

मार्चच्या दुसऱ्या शनिवारी आम्ही निघालो. गाडी माझी, ट्रेलर माझा, बार्बेक्यू कसा बांधायचा ते ज्ञान त्याचं. दोन तास लागतात. अर्ध्या वाटेवरच्या पोर्ट वेकफील्डपर्यंत तो मागच्या ट्रेलरकडे कान लावून होता. नव्या शर्टाच्या खिशात त्यानं चिमटा ठेवला होता, जुनाच, मूठ नव्यानं गुंडाळलेली. दर दहा मिनिटांनी तो चाचपायचा.

ब्रेंटनचं घर ॲडलेडच्या उत्तरेला, नव्या वसाहतीत. आम्ही मागच्या अंगणात गेलो आणि मी थांबलेच. कुंपणाशी एक कोपरा खास मोकळा केला होता. चार मोठ्या फरश्या पाणसळ लावून बसवल्या होत्या, वर दिवा, बाजूला ताटं ठेवायला फळी. रेनी माझ्या कानाशी येऊन म्हणाली, ‘मावशी, तीन रविवार खपतोय तो याच्यासाठी. ऑफिसात सगळ्यांना सांगून ठेवलंय, माझ्या बाबांचा बार्बेक्यू येणार आहे. चॉप आणायला तर लांबच्या खाटकाकडे गेला. मी इतकी वर्षं त्याला असा बघितला नाही.’

मी लायलकडे पाहिलं. फरश्या त्यानं पायानं चाचपल्या. ‘पाणसळ लावलेली दिसते,’ तो म्हणाला. त्याच्या तोंडून हे म्हणजे दुसऱ्याच्या तोंडून टाळ्या.

पाहुणे बारापंधरा. ब्रेंटनच्या ऑफिसातले, रेनीचा भाऊ, शेजारी. चौघांनी मिळून बार्बेक्यू उतरवला. लोक भोवती जमले. कुणी लाकडावर हात फिरवला, कुणी ‘असं बीड आता मिळत नाही’ म्हणालं. ब्रेंटन खटक्यापाशी वाकला आणि त्यानं दाबल्याबरोबर चारही बर्नर पेटले. त्याचा चेहरा चौदा वर्षांच्या पोरासारखा झाला. त्या दिवशी चॉप उलटतानाचा त्याचा चेहरा मी विसरले नव्हते, म्हणून सांगते.

लायलनं खिशातून चिमटा काढला. सगळे गप्प झाले. आमची माणसं अशा वेळी बरोबर गप्प होतात, त्यांना कळतं काय चाललंय. त्यानं चिमटा पुढे केला, ब्रेंटननं घेतला. मी मनात म्हणत होते, आता बोल, आता बोल, तीन शब्द. लायलनं घसा खाकरला.

‘ब्रेंटन,’ तो म्हणाला.

‘काय, बाबा?’

‘डावीकडचा बर्नर जरा जास्त ओढतो. बारीक ठेव.’

लोक हसले, टाळ्या वाजल्या. ब्रेंटनही हसला. मी स्वतःची समजूत घातली, चारचौघांत नाही जमलं, जेवणानंतर बोलेल. आणि ब्रेंटननं चॉप टाकले, सॉसेज टाकले, तव्याच्या कडेला कांदे टाकले. अंगण त्याचं, चिमटा त्याचा. रेनीचा भाऊ म्हणाला, ‘अरे, तुझ्या हातात चिमटा शोभतो की!’ ब्रेंटन म्हणाला, ‘लांब उभा राहा, भाजशील.’ पहिली वीस मिनिटं इतकी चांगली गेली की मी एक पेला वाईन घेतली आणि खुर्चीत बसले.

लायल बार्बेक्यूच्या शेजारीच उभा होता. त्याला तव्यावरचं दिसत नव्हतं, तो आवाज ऐकत होता. चॉप तडतडायचा थांबून सुरसुरायला लागतो तेव्हा उलटायचा, असं त्याचं गणित. मी बघत होते, त्याची मान वाकडी झाली, मग हात खिशातून बाहेर आले.

‘अजून नको,’ तो म्हणाला.

‘हो, बाबा.’

‘तो कडेचा उलटलास का? आवाज आला मला. अजून नव्हता झाला.’

‘जळत होता.’

‘जळत नव्हता. चरबी पेटली की तसा वास येतो. आच कमी कर. कमी म्हणजे बंद नाही. हं. आणि दोनदा उलटू नकोस, दोनदा उलटतो तो—’

‘माहीत आहे, बाबा, कोण उलटतो ते.’

ब्रेंटन हे हसत म्हणाला. ते हसू कसलं होतं ते आंधळ्यालाही कळलं असतं, पण लायलला नाही कळलं. ‘कांदे लागतायत,’ तो म्हणाला, ‘हलव, हलव. असे नाही. एक मिनिट दे इकडे, दाखवतो.’ आणि त्यानं हात घालून ब्रेंटनच्या हातातला चिमटा घेतला.

ब्रेंटनचा हात तसाच हवेत राहिला, बोटं अर्धी मिटलेली. भोवतीचे पुरुष आपापल्या बुटांकडे बघायला लागले. एकानं कॅन तोंडाला लावला, तो रिकामा होता, तरी लावून धरला. लायलला यातलं काही दिसलं नाही. तो कांदे गोळा करत होता, चॉप सारखे करत होता, आणि बोलत होता, ‘आता बघा. आता ऐका आवाज.’ एका मिनिटाची पाच झाली, पाचाची तीस. चिमटा परत गेला नाही.

मी आत गेले. ब्रेंटन ओट्याशी उभा राहून पावाला लोणी लावत होता. पन्नास माणसांना पुरेल एवढा पाव त्यानं लोणी लावून रचला होता.

‘ब्रेंटन, त्याला दिसत नाही रे—’

‘त्यांना दिसत होतं तेव्हाही मावशी, असंच होतं.’

मला एकदम भडभडून आलं. मी म्हटलं, ‘त्या दिवशी मीही हसले होते. तुझ्या हाताला लागलं तेव्हा. मला लाज वाटते त्याची.’

‘माहीत आहे,’ तो म्हणाला. ‘तुमचं हसू सगळ्यांत मोठं होतं.’ त्यानं आणखी एका पावाला लोणी लावलं. ‘बरं झालं बोललात. मला वाटलं होतं आज बाबा बोलतील. चिमटा दिला तेव्हा खरंच वाटलं.’

‘तो बोलणार होता. घरी रोज सकाळी—’

‘मावशी, तुमचा ट्रेलर रिकामाच जाणार ना परत?’

मला कळलं तो काय म्हणतोय ते. ‘असं करू नकोस,’ मी म्हटलं. ‘चार महिने त्यानं जीव ओतलाय. एकेक भोक सुईनं मोकळं केलंय.’

‘दिसतंय ते. एवढं चांगलं काम मी कुणाचं पाहिलं नाही.’ त्यानं सुरी खाली ठेवली. ‘पण तो इथं राहिला तर मी दर रविवारी त्याच्यापुढे उभा राहून विचार करणार, आता उलटू का नको. मला नको ते.’

जेवण अप्रतिम झालं होतं. सगळे तसं म्हणाले. तीन वाजता ब्रेंटन लायलपाशी गेला, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि मला कधी जमला नसता इतक्या मायेच्या आवाजात म्हणाला, ‘बाबा, हा तुमच्याच हाताखाली चालतो. मला नाही जमायचा. तुमच्याकडेच राहू द्या, आम्ही येऊ तिकडे जेवायला.’

लायलचा चेहरा उजळला. ‘बघ, मी म्हणत होतो, याला हात बसावा लागतो,’ तो म्हणाला. पुन्हा चौघांनी मिळून बार्बेक्यू ट्रेलरवर चढवला. ब्रेंटननं स्वतः दोर बांधला. लायलनं गाठी चाचपून पाहिल्या आणि एक सोडून परत बांधली.

परतीच्या वाटेवर तासभर त्याच्या तोंडाला खळ नव्हता. चॉप कसे झाले, रेनीच्या भावानं किती खाल्ले, ब्रेंटन कसा म्हणाला की हा तुमच्याच हाताखाली चालतो. ‘ऐकलंस ना, कोरल? सगळ्यांसमोर म्हणाला.’ मी रस्त्याकडे बघत होते. इतक्या वर्षांत मी त्या माणसाला तोंडावर काय काय बोलले आहे, आणि त्या दिवशी मला एक शब्द फुटेना.

पोर्ट वेकफील्ड मागे पडलं आणि तो हळूहळू गप्प झाला. दोन्ही बाजूंना कापणी झालेली शेतं. मग त्यानं माझ्या कानाकडे तोंड केलं.

‘त्यानं परत दिला, कोरल.’

‘हो,’ मी म्हटलं.

‘त्यानं फरश्या बसवल्या होत्या.’

‘तीन रविवार.’

तो मांडीवरचे हात बघत होता, म्हणजे हातांच्या बाजूला बघत होता. ‘मी बोलणार होतो,’ तो म्हणाला. ‘अगदी तोंडाशी आलं होतं. शपथ. पण कांदे लागायला आले होते.’

माझा सगळा राग त्या क्षणी वर आला. त्याच्यावरचा, माझ्यावरचा, त्या पंधरावीस हसणाऱ्यांवरचा. मी म्हटलं, ‘लागू द्यायचे होतेस! चिमटा त्याच्या हातात राहू द्यायचा होतास, लायल. त्यानं हलवले असते कांदे.’

त्यानं त्यावर खराच विचार केला. मला दिसत होतं, तो मनापासून विचार करत होता. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. मग त्यानं मान हलवली.

‘नाही गं,’ तो म्हणाला. ‘त्यानं करपवले असते.’